आमच्या घाटाचा समुद्र

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी निवृत्ती तोंडावर आली होती. अंगणवाडीच्या आम्ही चार-पाच पर्यवेक्षिका मिळून कोकणात गेलो होतो. बाकीच्या जणी पदर खोचून, चपला हातात घेऊन हसत-खिदळत पाण्यात शिरल्या आणि मी वाळूवर उभी राहून वारा कुठून येतोय ते बघत राहिले. एकीनं विचारलं, "ताई, भीती वाटते का हो?" मी म्हटलं, "नाही हो. ओळख जुनी आहे, भेट तेवढी पहिली." तिनं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. भंडारा जिल्ह्यातल्या बाईची समुद्राशी कसली जुनी ओळख, असं तिला वाटलं असणार, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

आमचं घर वैनगंगेच्या थडीवर होतं. थडी म्हणजे नदीचा काठ. आम्ही ढिवर, म्हणजे नाव चालवणारे, मासे धरणारे. माझे बाबा घाटावरचे नावाडी होते, त्यांच्या आधी आजोबा होते. नदीला आमच्याकडे कोणी नदी म्हणत नसे, गंगाच म्हणत. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की माणूस आंघोळीला गेलाय, की मासोळी आणायला, की पल्याडच्या गावी सोयरीक बघायला, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. सकाळी जाग यायची ती पल्याडच्या हाकेनं. तिकडून कोणी तरी तोंडाला हात लावून लांबलचक "होऽऽ नाववालेऽऽ" करायचं आणि बाबा चुलीपुढे बसून बासी भातावर झिंग्यांची चटणी घालून खात असले, तर घास हातात धरून तसेच ऐकायचे. हाकेवरून त्यांना माणूस कळायचा. "हा घाईत नाई, चावडीचा माणूस हाय. जेवू दे मले," असं म्हणून ते पुन्हा भात कालवायचे. माय चुलीवर तांदळाच्या पिठाचे आयते टाकत असायची, तव्याचा चर्र आवाज आणि खाली घाटावर नाव खडकाला घासल्याचा आवाज, हे दोन आवाज मला आजही एकदम आठवतात. ते घर, तो घाट, समोरचा खडक, सगळं आता गोसीखुर्दच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. आमचं पुनर्वसन झालं, पक्क्या घरात आलो, नळ आले. तक्रार नाही. पण हाकेवरून माणूस ओळखायची गरज संपली.

रेडिओ आणला माझ्या मामानं, नागपूरहून. चामड्याच्या खोळीतला, पट्टा असलेला. तोवर गावात दोनच रेडिओ होते. बाबांनी तो खांबाच्या खुंटीला अडकवला आणि पहिले काही दिवस त्याच्यासमोर ते पाहुण्यासमोर बसावं तसे बसायचे. गाण्यांचा त्यांना कंटाळा होता. शेतीचे भाव ऐकून घ्यायचे, कारण नावेत लोकांना सांगता येत. आणि एका संध्याकाळी त्यांना ती बातमी सापडली. मराठी बातम्या संपत आल्या होत्या आणि निवेदक बाई म्हणाल्या की मुंबईच्या किनाऱ्यावर जोराचे वारे वाहतील, समुद्र खवळलेला राहील, तरी मच्छीमारांनी होड्या पाण्यात नेऊ नयेत. बाबा ताडकन उठून बसले. माय भात वाढत होती, तिला म्हणाले, "ऐकलं का? आपल्याले सांगून राहिली."

"आपल्याले कायले सांगन? समुद्र म्हणते ते."

"मच्छीमार म्हणजे ढिवरच ना? अन् मराठीत सांगते. मराठीत सांगते म्हणजे आपल्याच ढिवरायले सांगते. दुसऱ्याले सांगायचं असतं त दुसऱ्या बोलीत सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं, पाण्यावर तरंग नव्हता आणि बाबांनी नाव बांधून ठेवली. पल्याडून हाका येत राहिल्या. बाबा घाटावर उभे राहून ओरडून सांगत होते, "आज बंद हाय, रेडिओनं सांगतलं हाय." त्या दिवसापासून आमच्या घाटाची गावात मजाच झाली. बाजाराला निघालेली माणसं वाटेत एकमेकांना विचारायची, "मुंबईत वारा हाय का गा आज? नाव चालू हाय ना?" माय पदरात तोंड लपवून हसायची. मला मात्र लाज वाटायची, कारण मी जवळच्या कोंढा गावच्या शाळेत जात होते आणि वर्गात नकाशा टांगलेला होता. पण आज वाटतं, बाबा जे धरून बसले होते ते निव्वळ अडाणीपण नव्हतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणा परक्या माणसानं त्यांना "सांभाळून राहा, आज जाऊ नका" असं म्हटलं नव्हतं. लोकांनी त्यांना फक्त हाका मारल्या होत्या. एवढ्या लांबून एक बाई काळजीनं सांगते आहे आणि आपण ऐकायचं नाही, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

एरवी पाण्याच्या बाबतीत बाबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. वारा उगवतीकडून असला तर नाव खडकाच्या वरून काढायची, मावळतीकडून असला तर खालून, हे त्यांनी मला मी दहा वर्षांची असतानाच शिकवलं. पाण्यात हात बुडवून ते गारवा बघत. पाणी चढायच्या आधी काठाकाठानं बारीक मासोळी उथळात येते, पाण्यावर पिवळसर फेसाचे गोळे वाहू लागतात, मग काड्या, मग मोहाची पानं, आणि नदीचा आवाज बदलतो, जड होतो. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण ह्या खुणा दिसल्या की हातात फार वेळ राहत नसे. एखादी खेप, फार तर दोन. आमच्या गंगेचा लबाडपणा असा, की पाऊस पडायचा वरती, शिवनी-बालाघाटकडे, आणि पूर यायचा आमच्याकडे, तोही कधी कधी कोरड्या उन्हात. आभाळाकडे बघून काही कळायचं नाही. बाबा म्हणायचे, "आपल्या डोस्क्यावरचं आभाळ आपल्या कामाचं नाई, बापा." कुणाचं आभाळ आपल्या कामाचं आहे, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

ते मला सापडलं, आणि सापडलं ते शाळेतल्या नकाशावर. गुरुजी तिकडे फळ्यावर पिकं लिहीत होते आणि मी नकाशावर बोटानं अंतरं मोजत होते. मुंबईचा समुद्र आमच्यापासून वीतभर दूर निघाला. उगवतीकडचा, ओरिसाच्या बाजूचा समुद्र जवळ, पाऊण वीतच. मग माझ्या ध्यानात आलं की सकाळच्या हिंदी बातम्यांत कधीमधी बंगालच्या खाडीचं, म्हणजे उपसागराचं, काहीतरी येतं, आणि ते सुरू झालं की बाबा कान पिळून रेडिओ बंद करतात, कारण ते दुसऱ्या ढिवरांचं. मी त्या पावसाळ्यात मायच्या चुलीमागच्या भिंतीवर खुणा करायला लागले. मुंबईच्या समुद्राची सूचना आली की गेरूचा ठिपका. बंगालची आली की कोळशाचा. गंगा चढली की तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. माय दर आठवड्याला भिंती सारवायची, तिनं एक अक्षर विचारलं नाही, पण तेवढा हातभर तुकडा सोडून सारवू लागली. दोन पावसाळे मी हे केलं. गेरूच्या ठिपक्यांचं पांढऱ्या रेघांशी काही नातं जमेना. कोळशाचा ठिपका पडला की मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी पांढरी रेघ.

मी बाबांना भिंतीपाशी नेलं आणि दाखवलं. त्यांनी कंदील वर धरून सगळं नीट पाहिलं, मला वाटलं आता शाबासकी मिळते. "बंगालचं पाणी इकडं कायले येईल?" ते म्हणाले. "तिकडं त्यायच्या नद्या नाई का?"

"पाणी नाही येत बाबा, ढग येतात. ते वरती बालाघाटकडे पडतात. मग ते पाणी उतरत येते."

"अन् बंगाली ढिवरांचा निरोप म्या ऐकायचा."

"निरोप कोणाचाही असो. पूर आपल्याकडे येते ना?"

"शिकली लेक," एवढंच म्हणाले आणि कंदील खुंटीला लावला. ह्या दोन शब्दांत कौतुक होतं की टोमणा, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही.

आता बांबूचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या बांबूमुळे झालं. घाटावर एक उंच बांबू रोवलेला असे आणि त्याला दोरीनं वर चढवायचं लाल कापड. पावसाळ्यात आमच्या गावच्या बाया रोवणीला पल्याड जायच्या, तिकडे पाटलांच्या मोठमोठ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, होती. रोवणी म्हणजे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखलात ओळीनं लावायची. कंबर वाकवून दिवसभर. पल्याडच्या बांध्यांतून मान वर केली की आमचा बांबू दिसायचा. लाल कापड चढलं की हातातली जुडी जिथं असेल तिथं टाकायची आणि घाटाकडे निघायचं, कारण पाणी येतंय. कोणी कारण विचारायचं नाही, कोणी "एवढी ओळ संपवते" म्हणायचं नाही. पाटीलही अडवत नसत. आणि त्या बांबूला नावाड्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. गुरं राखणारी पोरंसुद्धा त्याला टेकत नसत. तो बांबू खोटा बोलत नाही, ह्या एका भरवशावर बाया लेकरं घरी ठेवून पल्याड जात होत्या.

त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. रोवणी आटोपत आली होती, पाटलांच्या शेवटच्या दोन बांध्या राहिल्या होत्या आणि त्या त्या दिवशी संपणार होत्या. चाळीसेक बाया होत्या, त्यांत माझी माय. दोन दिवसांआधी मी सकाळच्या हिंदी बातम्यांत ऐकलं होतं की खाडीतलं वादळी हवामान ओरिसाचा किनारा ओलांडून आत आलंय, तिकडच्या मछुआऱ्यांनी समुद्रात जाऊ नये. मी कोळशाचा ठिपका ठेवला होता. त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, उकाडा, पाणी शांत. बाबांनी दोन खेपांत बायांना पल्याड सोडलं. मी घाटावर त्यांच्या मागे मागे फिरत होते. "बाबा, आज तिसरा दिवस आहे. दुपारच्या आत आणा त्यांना." बाबांनी पाण्यात हात बुडवला, काठाची मासोळी पाहिली, वरच्या वळणाकडे पाहिलं. "काईच नाई," म्हणाले. "शाळेत जाय." त्यांच्याबरोबर देवाजी काका होते. बाबांचे चुलतभाऊ, नावेच्या पुढच्या टोकाला उभं राहून लांब काठी तळाला टेकवायचं काम त्यांचं. ते म्हणाले, "कलकत्त्याचा रेडिओ लागला वाटते पोरीले," आणि दोघंही हसले. मग ते पुन्हा एक खेप घेऊन निघाले.

मी शाळेत गेले नाही. बाबांची नाव पल्याड लागलेली होती, घाटावर कोणी नव्हतं आणि माझ्या डोक्यात माय होती, गुडघाभर चिखलात पाठ करून उभी असलेली. मी दोरी सोडली आणि कापड वर चढवलं. गाठ नीट बसेना, पण चढवलं. पल्याड हिरव्या पट्टीवरचे वाकलेले रंगीत ठिपके एक-एक करून उभे राहिले. मग ते हलायला लागले. मग पळायला लागले. तेव्हा मला कळलं की मी काय केलंय.

बाया आल्या. धापा टाकत, चिखलानं माखलेल्या. सीताबाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून पडली होती, तिचा पाय मुरगळला होता, दोघींनी तिला धरून आणलं. बाबांनी दोन खेपांत सगळ्यांना इकडे आणलं. पाटलांच्या बांधीत उपटलेले पऱ्हे उन्हात पडून राहिले. आणि गंगा तशीच, निवांत, पारोशी पडलेली. सगळ्या घाटावर उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. बाबा नावेतून उतरले, बांबूपाशी आले, कापड हळूच खाली उतरवलं, घडी घातली. मग मला विचारलं, "पाणी कुठं हाय?"

त्यांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी घडी काखेत मारली आणि नाव बांधायला गेले. सीताबाई म्हणाली, "असं नाई करू वं बाई. उद्या खरं चढलं त कोण येईल?" बाकीच्या बाया तिच्यापेक्षा बऱ्याच जास्त बोलल्या. कोणी तरी म्हणालं, "बाप मुंबईचा, लेक कलकत्त्याची," आणि ते गावभर झालं. संध्याकाळपर्यंत मी वरच्या वळणाकडे डोळे लावून बसले होते. खरं सांगते, मी पूर यावा म्हणून वाट बघत होते. चौदा वर्षांच्या पोरीचा मान म्हणजे काय चीज असते बघा, मी माझ्याच गावावर पूर मागत होते. पूर आला नाही.

दुसऱ्या दिवशी बायांना पुन्हा पल्याड जावं लागलं. उपटलेले पऱ्हे आणखी एक दिवस राहिले असते तर कामातून गेले असते. मायनं डोक्याला फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "आज घाटावर येजो नको. घरात राह्य." बाबा माझ्याशी आदल्या दुपारपासून बोलले नव्हते. मी घरात राहिले, पण आमच्या मागच्या दारातून अर्धी गंगा दिसायची. बाबांनी बायांना पल्याड नेलं आणि मग एक अजब गोष्ट केली. ते परत आलेच नाहीत. नाव तिकडच्या थडीला बांधली आणि तिथेच बसले. इकडच्या घाटावर बाजाराला जाणारी माणसं जमली, हाका मारून मारून घसा सुकला, शिव्या घालून परत गेली. हाक आली आणि बाबा उठले नाहीत, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून ते तिकडे बसलेत. दुसरं कारण माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी मागच्या दारात बसून रडले.

दुपार डोक्यावर आली असेल. ऊन असं की पाण्याकडे बघवत नव्हतं. आधी आवाज बदलला, मग पिवळे फेसाचे गोळे आले आणि त्यांच्यामागून काड्या आणि पानं. मी घाटाकडे धावले. बांबूकडे गेले आणि थांबले, पण तोवर पल्याड हालचाल दिसत होती. बाबांना फेस माझ्या आधी दिसला होता आणि नाव हाताशी होती. पंचवीसेक बाया भरून ते निघाले तेव्हा पाणी गढूळ झालं होतं, इकडे लागले तेव्हा घाटाच्या खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. बाया उतरल्या. पोरसवदा होत्या त्या सगळ्या, नव्यानं लग्न होऊन आलेल्या, अंगावर पिणारी लेकरं असलेल्या. मायनं त्यांना आधी पाठवलं होतं. मी नावेजवळ गेले, "बाबा, माय?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणतो," आणि नाव ढकलली.

दुसरी खेप मी पूर्ण पाहिली नाही. पाहिली ती एवढीच, की पंधरा-सोळा बाया बसल्या, बाबा मागे वल्ह्यावर, देवाजी काका पुढे, आणि नाव मध्यावर आली तेव्हा तिला आमच्या घाटाची दिशा धरता येईना. एक अख्खं झाड वाहत आलं, नाव फिरली, आणि ती खडकाच्या खालून, वळणामागे, दिसेनाशी झाली. घाटावर एकदम ओरडा झाला. मला कोणी काही म्हटलं नाही. तेच मला सहन होत नव्हतं. लोक काठाकाठानं खाली पळाले, पण पुढे नाल्यातूनही पाणी उलटलं होतं, वाट बंद झाली होती. सगळे परत आले. आमच्या घरी कोणी तरी चूल पेटवली, कोणी तरी माझ्यापुढे ताट ठेवलं. त्या ताटातलं काही आठवत नाही. मी मनातल्या मनात एकच हिशेब करत होते, आणि तो कसाही केला तरी उत्तर तेच यायचं. रोवणी आदल्या दिवशी संपणार होती. मी कापड चढवलं नसतं तर आज पल्याड कोणी गेलंच नसतं.

सकाळी ते आले. काठानं, रांगेनं, चालत. चार कोस खाली एका गावाच्या बाभळींत नाव अडकली होती. बाबांनी आणि काकांनी दोर झाडाला टाकून बायांना एक-एक करून उतरवलं, शेवटी दोर तुटला आणि नाव गेली. आजोबांच्या हातची नाव होती. बाया सगळ्या आल्या, एकही कमी नाही. मी एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. माय माझ्याकडे आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिच्या तळव्यांना दोरानं फोड आले होते. बाबा पायरीवर बसले आणि म्हणाले, "भात हाय का?" मी वाढला. जेवण होत आलं तेव्हा मी धीर केला. "बाबा, तुम्ही तिकडे काहून थांबले होते?"

त्यांनी हात धुतले. "सकाळीच फेस दिसला होता मले," ते म्हणाले. "वरतून येऊन राहिला होता. म्हणून थांबलो."

पुढे नवी नाव झाली आणि घाट पुन्हा सुरू झाला. सकाळच्या हिंदी बातम्या आता आमच्या घरी न चुकता लागायच्या. बाबा मला हाक मारून विचारायचे, "काय म्हणते ते बंगालवाले?" मी सांगायचे. मुंबईचंही ते ऐकत राहिले, फक्त नाव बांधणं सोडून दिलं. त्या दिवसाचा विषय निघाला की लोक बाबांच्या नजरेचं कौतुक करायचे, एवढ्या सकाळी फेस ओळखला म्हणून, आणि बाबा मान हलवायचे. आता माझ्या मोबाइलवर ढगांचे रंग दिसतात, नातू मला दाखवतो, तिकडचं वादळ कसं फिरत आत येतं ते. बघायला मला आवडतं. त्या फेसाबद्दल मात्र मी कधी शंका घेतली नाही. बाबा वाचले, माय वाचली, फेसामुळे वाचली, आणि माझ्यामुळे संकटात पडली होती, हा माझा माझ्यापुरता निकाल होता आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता.

बाबा गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले, माय आणि मी नव्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. बोलता बोलता मी म्हटलं, बाबांचा डोळा खरा, त्या दिवशी सकाळीच फेस पाहिला नसता तर आपण दोघी अशा बसलो नसतो. माय निवडायची थांबली.

"कायचा फेस वं?" ती म्हणाली. "सकाळी काई नव्हतं. पाणी आरशासारखं होतं."

"मग ते थांबले कसे?"

"तुह्या बोलण्यावर थांबले. नाव बांधली अन् समद्या बायांसमोर म्हणाले, माही पोरगी म्हणते पाणी येते, एखादा दिवस इकडं-तिकडं झाला असन. काल शिव्या खाल्ल्या तिनं. खोटंच करायचं असतं त घरी बसली असती. म्या आज इथून हलत नाई. बाया हसल्या. त्यायले काई वाटलं नाई."

मी विचारलं, "मग मला काहून नाही सांगितलं? जन्मभर फेसच सांगत राहिले."

"म्याच म्हटलं होतं त्यायले, सांगा पोरीले, खुश होईल." मायनं सूप खाली ठेवलं. "त म्हणाले, तिच्या बोलण्यावर थांबलो असं सांगतलं त ती आदल्या दिवशीच्या कापडाचाच ईचार करत बसन, अन् म्हणन, माह्याच पायी माय पुरात गेली. रोवणी आदल्या दिवशी सरली असती, हे त्यायलेही समजत होतं. पोरगी हुशार हाय म्हणाले, तिच्याही ध्यानात येईन. एवढं वझं तिले नाई झेपणार. फेसावर जाऊ दे. समद्या बायायलेही तसंच सांगून ठेवलं होतं त्यायनं."

रोवणीचा तो हिशेब माझ्या कधी ध्यानात येऊ नये, असं त्यांना वाटत होतं. माझ्या ते पहिल्याच रात्री ध्यानात आलं होतं, आणि मी ते छत्तीस वर्षं त्यांच्यापासून लपवलं होतं, का तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून. हे मी मायला सांगितलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दोघंही सारखेच हा तुमी." मी पन्नास वर्षांची बाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले, आणि रडून झाल्यावर मला जितकं हलकं वाटलं तितकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.